बातमीची पारख

मनुष्य समाजात राहतो, म्हणूनच त्याला बातमीची गरज भासते. पाऊस केव्हा येणार, बाजारात काय भाव निघाला, सरकारने कोणता नियम बदलला, शेजारच्या गावात कोणता आजार पसरला, हे कळल्यावाचून त्याचा व्यवहार चालत नाही. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, चावडीवर आणि पाणवठ्यावर बातम्यांची देवघेव होई आणि दूरची खबर जासुदाच्या थैलीतून येई. पुढे वृत्तपत्रे आली, आकाशवाणी आली, दूरदर्शन आले आणि आता प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी आला आहे. साधने बदलत गेली. परंतु कानावर आलेली गोष्ट खरी मानावी की नाही, हा प्रश्न मात्र पूर्वीइतकाच अवघड राहिला आहे.

मराठ्यांच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण सापडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठी फौजेचा पराभव झाला. सेनापती सदाशिवरावभाऊ त्या धुमश्चक्रीत पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटेल अशी वार्ता पुण्यास आली नाही. भाऊसाहेब जिवंत आहेत, ते कोठेतरी अज्ञातवासात आहेत, अशा वदंता वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही वैधव्य स्वीकारले नाही. या अनिश्चिततेच्या आधारावर एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड मिळेपर्यंत राज्याची बरीच शक्ती त्या प्रकरणात खर्ची पडली. तोतयाच्या मागे जाणारे सगळेच कपटी होते असे नाही. भाऊसाहेब परत यावेत असे कित्येकांना मनापासून वाटत होते. जे व्हावेसे वाटते ते झालेच आहे असे मानणे मनाला सोपे जाते. खात्रीची बातमी जेथे पोहोचत नाही, तेथे अफवेला पाय फुटतात. आणि ती अफवा मनातल्या इच्छेला किंवा भीतीला धरून असेल, तर तिला पुरावाही विचारला जात नाही.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी झाला असे मानले जाते. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईहून 'दर्पण' हे पत्र सुरू केले. त्यातील मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असे. छापील बातमीमुळे एक महत्त्वाचा बदल घडला. चावडीवर बोलणाऱ्याचे बोलणे वाऱ्यावर विरून जाई; छापलेले मात्र मागे राहू लागले आणि त्यासाठी जाब विचारता येऊ लागला. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे अंकावर छापणे बंधनकारक केले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. परंतु वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे आजही दिसतात. बहुतेक वाचक ती ओळ कधी वाचत नाहीत. वास्तविक, त्या ओळीला फार मोठा अर्थ आहे. येथे छापलेल्या शब्दाला उत्तरदायी असणारा माणूस कोण आणि तो कोठे सापडेल, हे ती ओळ सांगते.

भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या संदेशाला बहुधा अशी ओळ नसते. तो संदेश भावाकडून, मित्राकडून, गावातील एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीकडून येतो आणि पाठवणाऱ्यावरचा विश्वास नकळत त्या मजकुरावर जडतो. खरे पाहता, पाठवणाऱ्यालाही तो मजकूर दुसऱ्याकडून आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून मिळालेला असतो. टपाल आणणाऱ्या पोस्टमनवर गावाचा विश्वास असतो, म्हणून काही त्याने आणलेल्या प्रत्येक पत्रातील मजकूर खरा ठरत नाही. संदेश पाठवणारा आणि बातमीचा मूळ स्रोत यांतील हा भेद ध्यानात न आल्यामुळे केवढा अनर्थ होऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तेथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही या भटक्या समाजाची पिढ्यानपिढ्यांची रीत. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरली होती. हेच ते लोक, असा संशय घेऊन जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारहाण करून ठार केले. त्यांच्यापैकी कोणीही मूल पळवलेले नव्हते.

त्याच सुमारास देशाच्या अनेक राज्यांत एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत असे. ती पाहून आईबापांच्या काळजाचा थरकाप होणे स्वाभाविक होते. परंतु ती चित्रफीत भारतातील नव्हती आणि खऱ्या घटनेचीही नव्हती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी पाकिस्तानातील कराची शहरात २०१६ मध्ये तयार केलेला तो एक छोटासा बोधपट होता. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना उद्देशून इशारा दाखवला जातो. कोणीतरी नेमका तो शेवट कापून टाकला होता.

अर्धे सत्य हे पुष्कळदा असत्याहून अधिक घातक ठरते, ही जाण भारतीय मनाला नवी नाही. महाभारतातील द्रोणवधाची कथा सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा मारला गेला, एवढेच द्रोणाचार्यांच्या कानी पडले; मेला तो त्या नावाचा हत्ती होता, हा वाक्याचा उरलेला भाग त्यांना ऐकू आला नाही. ऐकलेले शब्द तर सत्यवचनी म्हणून ज्याची ख्याती होती त्या युधिष्ठिराच्या मुखातून आलेले होते. बोलणारा विश्वासू असला, तरी बोलणे पुरते ऐकल्याखेरीज शस्त्र खाली ठेवू नये आणि उचलूही नये, असा या कथेचा बोध आजच्या काळापुरता घेता येईल.

राईनपाड्याच्या घटनेतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. अफवेचा फटका प्रथम कोणाला बसतो? ज्याला गावात कोणी ओळखत नाही, ज्याचा वेश आणि बोली निराळी आहे, ज्याच्या बाजूने बोलणारा तेथे कोणी नाही, अशा परक्या माणसाला. भटका, मजूर, परप्रांतीय, अल्पसंख्य, वेडसर समजली जाणारी एकाकी स्त्री, हे अफवेचे ठरलेले बळी होत. म्हणून बातमी तपासून घेणे ही केवळ स्वतःच्या ज्ञानाची बाब राहत नाही. त्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असू शकतो. पोटासाठी जे स्वतः परमुलखात गेले आहेत, त्यांना तर हे अधिक सांगावयास नको. इंदूर, बडोदा, सुरत किंवा दिल्ली येथे राहणारा मराठी माणूस कोणत्या ना कोणत्या दिवशी तेथला परका माणूस असतोच.

जिवावर बेतणारे प्रसंग विरळा असतात. उपजीविकेवर परिणाम करणाऱ्या बातम्या मात्र रोजच्याच असतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत राहणार होती. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी ही बंदी मुदतीपूर्वीच उठवण्याचा निर्णय झाल्याच्या बातम्या झळकल्या. परिणाम तत्काळ दिसला. १७ फेब्रुवारीस लासलगावी क्विंटलमागे १,२८० रुपयांच्या आसपास असलेला भाव १९ फेब्रुवारीस १,८०० रुपयांवर गेला. २० फेब्रुवारीस केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला की, बंदी उठलेली नाही, ती कायम आहे. पुढे काही ठरावीक देशांना मर्यादित प्रमाणात निर्यातीची परवानगी देण्यात आली. सरसकट बंदी मात्र ४ मे २०२४ रोजी उठली.

या उदाहरणात बातमी देणारे अनोळखी कोणी नव्हते. नावाजलेल्या माध्यमांतूनही ती बातमी आली होती. मग सामान्य शेतकऱ्याने काय करावयास हवे होते? त्याला एक साधा भेद उपयोगी पडला असता. निर्णय होणार असल्याची वार्ता वेगळी आणि निर्णय अमलात आल्याची वार्ता वेगळी. आयात-निर्यातीचे नियम विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने बदलतात. अधिसूचनेला क्रमांक असतो, दिनांक असतो. बातमीत अधिसूचनेचा उल्लेख नसेल आणि केवळ 'सूत्रांकडून समजते' एवढेच म्हटले असेल, तर ती बातमी खोटीच असते असे नाही. परंतु तिच्या भरवशावर माल रोखून धरणे किंवा चढ्या भावाने तो खरेदी करणे हा जुगार ठरतो. ज्याला हा भेद कळतो, तो निदान जाणूनबुजून धोका पत्करतो. ज्याला कळत नाही, त्याच्यावर तो धोका लादला जातो.

यावरून असे दिसते की, मोठे नाव ही विश्वासार्हतेची पुरेशी खूण नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजार रुपयांच्या नव्या नोटा चलनात आल्या. त्या नोटांत ठावठिकाणा सांगणारी सूक्ष्म यंत्रणा बसवली असल्याचे काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनीही सांगून टाकले होते. तशी कोणतीही यंत्रणा त्यांत नव्हती. २००९ च्या निवडणुकांच्या काळात उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमीच्या रूपाने छापल्याचे प्रकार महाराष्ट्रासह काही राज्यांत उघडकीस आले आणि प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया या वैधानिक संस्थेला २०१० मध्ये त्याविषयी अहवाल प्रसिद्ध करावा लागला. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक तिला त्याच नजरेने पाहतो. बातमीचा वेश घेऊन आलेली जाहिरात मात्र त्याची फसवणूक करते.

मग केवळ सरकारी माध्यमांवर विसंबावे काय? हवामानाचा इशारा, परीक्षेचे वेळापत्रक, योजनेच्या अटी, लसीकरणाच्या तारखा यांसाठी सरकारी स्रोत हाच मूळ स्रोत असतो आणि तो प्रथम पाहावा, हे उचितच आहे. परंतु सरकारच्या कामाविषयीची बातमी केवळ सरकारकडूनच घेणे पुरेसे होत नाही. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली, आकाशवाणीवरून सरकारची बाजूच तेवढी ऐकू येऊ लागली आणि खरी परिस्थिती जाणण्यासाठी लोक परदेशी नभोवाणी लावू लागले. कोणताही स्रोत, तो सरकारी असो वा खासगी, प्रश्न विचारण्याच्या पलीकडचा मानू नये, हा धडा त्या काळाने दिला.

जे सांगितले जाते तेवढेच तपासून भागत नाही; काय सांगितले जात नाही, तेही पाहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. तत्कालीन अनेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी असून बहिष्कृतांच्या दुःखांना त्यांत जागा मिळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या पत्रांतील प्रत्येक बातमी खोटी होती असे नव्हे. परंतु समाजाचा फार मोठा भाग तीत दिसतच नव्हता. म्हणून एकाच पत्रावर किंवा एकाच वाहिनीवर समाधान मानणारा वाचक अर्धेच जग पाहतो. आपल्या मताला मान डोलावणारे एक आणि त्या मताला अडवणारे एक, अशी निदान दोन माध्यमे नजरेखालून घालणे हिताचे असते.

विश्वासार्ह स्रोत ओळखण्याची काही लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण असे की, तो स्रोत आपल्याला हे कसे कळले ते सांगतो. बातमीदार स्वतः घटनास्थळी गेला होता काय, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी माहिती दिली, कोणता कागद पाहिला, याचा तीत उल्लेख असतो. दुसरे लक्षण म्हणजे तो चूक झाल्यास ती मान्य करून दुरुस्ती प्रसिद्ध करतो. दुरुस्ती छापणारे पत्र पाहून काही वाचकांचा विश्वास उडतो. वस्तुतः तो वाढावयास हवा, कारण चुका सर्वांच्याच होतात, त्या सांगण्याची तयारी थोड्यांचीच असते. तिसरे लक्षण असे की, तो बातमी आणि मत यांची गल्लत करत नाही. अग्रलेखात संपादकाने आपले मत आग्रहाने मांडावे. पण पहिल्या पानावरील बातमीत घडले तेवढेच यावे. चौथे लक्षण म्हणजे ज्याच्यावर आरोप केला जातो, त्याचेही म्हणणे तो विचारतो.

यास जोडून वाचकानेही काही पथ्ये पाळावीत. बातमीचा दिनांक पाहावा. जुन्या पुराचे चित्र नव्या पावसाचे म्हणून सहज खपवता येते. मथळा वाचून थांबू नये. मथळ्यातील ठामपणा पुष्कळदा आतल्या मजकुरात विरघळलेला असतो. तीच बातमी दुसरीकडे शोधावी. मात्र दोन पत्रांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर छापला असेल, तर ती दोन साक्षीदारांची साक्ष होत नाही, एकाच साक्षीदाराचे म्हणणे दोनदा ऐकल्यासारखे होते. आणि जी बातमी वाचताच संताप किंवा भय दाटून येते, तिच्याबाबतीत दुप्पट सावध व्हावे. मन खवळलेले असताना तपासण्याची बुद्धी मंदावते, हे अफवा रचणारा चांगले जाणून असतो.

यावर कोणी म्हणेल की, दिवसभर राबणाऱ्या माणसाला एवढी चौकशी करण्यास सवड कोठे आहे? हा आक्षेप रास्त आहे. गिरणीत, शेतावर, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी प्रत्येक बातमीचे मूळ खोदत बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्यांच्यापर्यंत खरी माहिती पोहोचवणे हे माध्यमांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य वाचकाच्या खांद्यावर ढकलून देणे अन्यायाचे होईल. तरीही थोडक्या वेळात पुष्कळ साधता येते. दिवसाकाठी आकाशवाणीचे एक बातमीपत्र आणि एका वृत्तपत्राचे वाचन, सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून एकदा दुसऱ्या एखाद्या पत्रावर नजर, आणि पैसा, आरोग्य वा कायदा यांच्याशी संबंधित बातमी असेल तेव्हाच मूळ कागदाची चौकशी, एवढा नेम बहुतेकांना झेपण्यासारखा आहे. दिवसभर भ्रमणध्वनीवर येणारे शेकडो तुकडे वाचण्यास याहून अधिक वेळ जातो.

आणि एक गोष्ट तर मुळीच वेळ न घेणारी आहे. ती म्हणजे न तपासलेला मजकूर पुढे न पाठवणे. जुलै २०१८ मध्ये, देशभर घडलेल्या अशा हत्यांनंतर, व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला आणि एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. अशा उपायांनी अफवेचा वेग मंदावतो, तिचा अंत होत नाही. पाच ठिकाणी पाठवलेला संदेश त्या प्रत्येकाने पुन्हा पाच ठिकाणी पाठवला, तर गाव व्यापण्यास वेळ लागत नाही. संदेश पुढे ढकलणारा माणूस स्वतःला केवळ वाचक समजतो. परंतु त्या क्षणी तो प्रकाशक झालेला असतो. ज्या उत्तरदायित्वासाठी वृत्तपत्राला आपल्या प्रकाशकाचे नाव अंकावर छापावे लागते, ते त्याच्याकडेही येते. त्या मजकुराखाली आपले नाव आणि पत्ता घालण्याची तयारी आहे काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारून पाहावा.

नाणे खरे की खोटे, हे पूर्वीचा दुकानदार दगडावर वाजवून पाहत असे. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान आहे असे कोणी मानत नसे. तो व्यवहाराचा भाग होता. बातमीच्या बाबतीतही हीच वृत्ती रुजली पाहिजे. घरातील वडीलधाऱ्याने पाठवलेल्या संदेशाविषयी 'हे कोठून कळले?' असे आदराने विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या घरात, ज्या वस्तीत आणि ज्या गावात हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो, तेथे अफवेला सहजासहजी थारा मिळत नाही. बाजाराच्या दिवशी त्या गावात उतरणाऱ्या पाच परक्या माणसांना तेथून सुखरूप परत जाता येते.